उत्तरेची भिंत

शॅरनने रिसीव्हर माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाबा, कोणीतरी म्हातारी आहे. बहुतेक तुमच्या भाषेत बोलतेय." तुमच्या म्हणाली, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही, सतरा वर्षं तिच्या कानावर माझी भाषा पडू नये याची काळजी मीच घेतली होती. रविवारची दुपार होती. विल्मा लाँड्रीत कामावर गेली होती, गॅसवर मटणाचं पातेलं शिजत होतं आणि मी टेबलाशी बसून बटाटे सोलत होतो. लॉस एंजेलिसमधल्या या घरात फोन आल्याला सहा वर्षं झाली, पण मी तो उचलत नाही. वाजला तर वाजू देतो. विल्मा सगळ्यांना सांगत सुटते, आमच्या माणसाला फोन चावतो. लोक हसतात, मीही हसतो. विल्मा ओक्लाहोमाकडची, चोक्टॉ जमातीची. तिची बोली वेगळी, माझी नावाहो वेगळी, म्हणून घरात इंग्रजी. ही सोय मला फार मानवली. कोणी विचारलंच तर बायकोकडे बोट दाखवता येतं. पण आता शॅरनचा हात लांब झाला होता आणि त्या काळ्या नळीतून खरखर ऐकू येत होती, आणि त्या खरखरीच्या पलीकडून कोणीतरी माझ्या आईच्या बोलीत भांडत होतं.

मी हात पुसले आणि रिसीव्हर कानाला लावला. आणि बघा, माझा उजवा हात आपण होऊन टेबलावर काहीतरी शोधू लागला. शॅरनच्या वहीशेजारची पेन्सिल त्याला सापडली. पाठकोरा कागद सापडला. चोवीस वर्षांनी नळीतून माझी भाषा आली आणि माझा हात निरोप उतरवून घ्यायला तयार होऊन बसला. माझ्या मानेवरून घामाचा एक थेंब खाली गेला, तो कुठपर्यंत गेला हे मला कळत राहिलं.

"हा डबा बोलतच नाहीये, ग्लॅडिस. यात कोणी नाही."

"आहे, आई," मी म्हणालो. "मी आहे. हॉस्की."

"मग बोलत का नाहीस? मी दुकानात उभी आहे. मागे रांग लागलीय, त्यातला एक दातपडका माझ्याकडे बघून हसतोय. हसू दे मेल्याला. जेवलास का?"

"शिजतंय."

"या वेळेला शिजतंय! शहरात माणसं जेवतात तरी कधी?"

ती माझी आई नव्हे. माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली, आमच्या त्या गोल लाकडी-मातीच्या घरातच. मामाने उत्तरेकडची भिंत फोडून तिला बाहेर काढलं आणि घर तसंच सोडून आम्ही निघून आलो. पुढे त्या वाटेने मेंढ्या नेल्या तरी आम्ही वळसा घालून नेत असू. भिंतीला उत्तरेकडे भगदाड दिसलं की आमच्यातलं शेंबडं पोरही समजतं, इथे मेलेला राहतो, इथे पाऊल टाकायचं नाही. तर फोनवरची ही दुसऱ्याची आई. पण आमच्यात कूळ आईकडून येतं, आणि तिचा मुलगा कडव्या पाण्याच्या कुळाचा आणि मीही कडव्या पाण्याचा, म्हणून तो माझा भाऊ आणि ती माझी आई. फौजेत भरती झाल्यावर कॅम्पमध्ये पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहिला, आधी कूळ सांगितलं, मग बापाचं कूळ सांगितलं, आणि मी माझं सांगताच हसून म्हणाला, "म्हणजे माझी आई आता तुझ्याही डोक्याला ताप. बघ बाबा, विचार करून हो म्हण." त्याचं नाव मी इथे घेणार नाही. मेलेल्यांची नावं आम्ही घेत नाही.

ती मात्र घेते. चोवीस वर्षं घेत आलीय. चारचौघांत, दुकानात, मेंढ्या कापताना, लग्नाच्या पंगतीत ती खुशाल त्याचं नाव घ्यायची आणि भोवतालची माणसं चपापून जमिनीकडे बघायची. आत्ताही तिने घेतलं. म्हणाली, "हे बघ, मी कामासाठी फोन केलाय. गॅलपच्या रेडिओवर आपल्या बोलीतला तास असतो ना, त्यात तो माणूस सांगत होता. लढाईत आपल्या पोरांनी आपल्या बोलीतून निरोप धाडले म्हणे. गुपित होतं, आता सरकारने उघडं केलंय म्हणे. एका टोकाला आपला एक पोरगा, दुसऱ्या टोकाला आपला दुसरा. खरं का रे?"

"खरं आहे, आई."

"मग," तिने पुन्हा त्याचं नाव घेतलं, "त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं?"

मी बटाट्याकडे बघत राहिलो. अर्धा सोललेला होता आणि हवेने तपकिरी पडायला लागला होता. बटाटा म्हणजे हातबाँब. कासव म्हणजे रणगाडा. घुबड म्हणजे टेहळणीचं विमान, आणि अंडी म्हणजे मोठ्या विमानांच्या पोटातून पडतात ते बाँब. असे शेकडो शब्द आम्ही तोंडपाठ केले, कारण कागदावर काही ठेवायचं नव्हतं. ते ऐकून शत्रू सोडा, आमचा स्वतःचा मामा जरी मध्ये कान लावून बसला असता तरी म्हणाला असता, पोरं वेडी झाली, बाजारात काय काय मिळतं ते एकमेकांना ओरडून सांगतायत. ज्या सरकारच्या शाळेत ही बोली बोललो म्हणून बाईंनी माझ्या तोंडात कपड्याच्या साबणाचा तुकडा धरायला लावला, त्याच सरकारने पुढे याच बोलीसाठी मला बूट दिले, टोपी दिली आणि पाठीवर थाप दिली. याचं लोक आता मोठं नवल करतील, आम्हाला तेव्हा फारसं वाटलं नाही. गोऱ्यांचं असंच असतं, एवढंच वाटलं. पण त्या साबणाने एक काम केलं होतं. मला नियम पाळायला शिकवलं होतं. कॅम्पमध्ये माझ्याइतका बिनचूक दुसरा कोणी नव्हता. तो मला गुरुजी म्हणायचा. त्याला डब्यातले पीच फार आवडायचे, रस पिऊन झाला की रिकाम्या डब्यात तोंड घालून मेंढीसारखा ओरडायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, हा शब्द यादीत नाही, शिक्षा करा." मी खरंच रागवायचो. मला आता माझाच तेव्हाचा चेहरा आठवतो आणि लाज वाटते.

"हॉस्की? डबा गेला का?"

"नाही आई, आहे."

शॅरन फ्रिजला टेकून माझ्याकडे बघत होती. तिने मला कधी अशा आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. ही भाषा बोलताना माझा आवाज खालच्या पट्टीत जातो, घशाच्या आतून येतो, हे माझ्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

लढाईत आम्हाला उतरवलं त्या बेटावर जमीन काळी होती आणि पायाखाली गरम लागायची. मी मागे एका खड्ड्यात रेडिओचा संच मांडून बसलो होतो, शेजारी ट्यूबा सिटीकडचा एक पोरगा विजेचं चाक हाताने फिरवत होता, आणि पाठीशी साहेब ओणवा होऊन माझ्या पेन्सिलीकडे बघत होता. माझा भाऊ पुढे होता, टेकडीच्या पायथ्याशी, मला दिसणार नाही इतका पुढे. त्याचा आवाज कानात मात्र अगदी जवळ, एका घोंगडीत झोपलेल्या भावासारखा. त्याने निरोप सुरू केला. सगळं यादीप्रमाणे, नीट. मग टेकडीवर तोफा कुठे डागायच्या ते आकडे आले. मग मध्येच आवाज बदलला. यादी सुटली. घरी बोलतात तसं तो बोलला, अगदी साधं. म्हणाला, "भाऊ, आईला सांग. माझी वाट बघू नकोस म्हणावं. मेंढ्या घेऊन वर डोंगरात जा म्हणावं." साधं बोलायला सक्त मनाई होती. साधं बोलणं पलीकडे कोणालातरी समजण्याची भीती. आणि साहेब माझ्या खांद्यावर श्वास सोडत होता. मी म्हणालो, "साधं बोलायचं नाही. आकडे पुन्हा सांग." क्षणभर नुसती खरखर. मग तो हसला, किंवा त्याने श्वास घेतला, मला आजवर ठरवता आलेलं नाही. "बरं, गुरुजी," म्हणाला. आणि त्याने सहाच्या सहा आकडे पुन्हा सांगितले, एकेक करून, एकही चूक न करता. त्यासाठी त्याला किती वेळ लागला ते मला माहीत आहे, कारण तेवढा वेळ मी रोज जगतो. शेवटच्या आकड्यानंतर कोणी बोललं नाही.

तोफा बरोबर जागी पडल्या. साहेबाने माझी पाठ थोपटली. निरोपाचा कागद नियमाप्रमाणे मी काडी लावून जाळला. आईसाठी तो जे बोलला ते मी कागदावर उतरवलंच नव्हतं, कारण ते निरोपाचा भाग नव्हतं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मी लुकाचुकाई गावी तिच्या दारात उभा राहिलो. कोणी बोलावलं नव्हतं, पण भावाच्या आईकडे जायचं नाही तर कुठे जायचं. तिने मला आत घेतलं, मक्याची भाकरी आणि मटण पुढे ठेवलं, आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत एक अक्षर विचारलं नाही. मग पेटीतून तारेचा कागद काढला. तो इंग्रजीत होता, दुकानदाराने तिला वाचून दाखवला होता. प्रेत आलं नव्हतं. म्हणाली, "हा कागद लिहिणाऱ्याने त्याला बघितलं होतं का? दुकानदाराने बघितलं होतं का? ज्याने बघितलं, ज्याने ऐकलं, त्याने येऊन सांगावं. तू होतास का रे जवळ?"

मी म्हणालो, "नाही. मी दुसरीकडे होतो. खोकी उचलायचो."

आम्हाला सोडताना हुकूम होता, या कामाबद्दल कोणाजवळ, बायकोजवळसुद्धा बोलायचं नाही. हा हुकूम मी पुढे वर्षानुवर्षं ढालीसारखा धरला. पण खरं सांगायचं तर हुकूम हे निमित्त होतं. तिला निरोप दिला असता तर तिने विचारलं असतं, मग तू काय म्हणालास? आणि मला सांगावं लागलं असतं की तुझा मुलगा तुझ्याशी बोलत होता आणि मी त्याला गप्प केलं.

तिने माझं उतरलेलं तोंड बघितलं. रात्री मी ओरडत उठतो ते बघितलं. म्हणाली, हा लढाईतून काहीतरी अंगाला लावून घेऊन आलाय, हे असं चालायचं नाही. आणि तिने माझ्यासाठी शत्रूमार्गाचा विधी मांडला, लढून आलेल्याच्या अंगाला चिकटलेला मेलेला शत्रू उतरवतात तो, पोटच्या पोरासाठी मांडावा तसा. तीन दिवस माणसं जेवली. निम्म्या मेंढ्या कापल्या गेल्या. विधी करणारा म्हातारा गायक माझ्यापाशी गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि विचारलं, "तुला कोणाचा आवाज ऐकू येतो? नीट सांग, पोरा. मी ज्याचं सांगशील त्याच्यावर गाईन." मी म्हणालो, "शत्रूचा." मग तो रात्रभर शत्रूवर गायला, पहाटेपर्यंत गायला, घसा बसेपर्यंत गायला. मी राखेने माखलेला बसून ऐकत होतो आणि माझ्या कानात माझा भाऊ सहा आकडे सांगत होता. जगात असा मूर्ख दुसरा नसेल, ज्याच्यासाठी एवढे मंत्र गायले गेले आणि ज्याने मंत्राला पत्ताच खोटा दिला. विधी लागला नाही. लागणार कसा? ती मात्र म्हणत राहिली, माझंच काहीतरी चुकलं असेल, मी मेंढ्या निवडताना घाई केली. अजून म्हणते. पुढे आमच्या माणसांना शहरात कामाला पाठवायचं सरकारी ऑफिस निघालं, तेव्हा सगळ्यांत आधी सही करणाऱ्यांत मी होतो. जिथे कोणी मला माझ्या भाषेत प्रश्न विचारणार नाही अशी जागा मला हवी होती, आणि ती सरकारने फुकटच्या तिकिटासकट दिली.

आणि ती डोंगरात गेलीच नाही. लुकाचुकाईची माणसं उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वर जातात, थंडीत खाली उतरतात, तिची आई जायची, तिची आजी जायची. ही चोवीस उन्हाळे खालच्या घरात बसून राहिली, जिथे जूनमध्ये पानही हलत नाही. मेंढ्या ग्लॅडिस नेते, तिची धाकटी. मी दोनदा भेटायला गेलो तेव्हा ग्लॅडिस हसत म्हणाली होती, "आई दारालाच बांधल्यासारखी बसलीय. म्हणते, त्याला हेच दार माहीत आहे, वर गेले आणि तो आला तर?" मी त्यावर हसलो होतो. तिच्या दारापुढची जमीन बसून बसून खोलगट झाली होती, परातीसारखी. ती पूर्वेकडे तोंड करून बसायची आणि रस्त्यावर धूळ उठली की हात डोळ्यांवर धरायची. हे सगळं थांबवायला आठनऊ शब्द पुरले असते आणि ते जगात फक्त माझ्यापाशी होते.

"हॉस्की," ती म्हणाली. आता तिचा आवाज हळू झाला होता. "मी म्हातारी झाले रे. परवा चुलीजवळ पडले. मला सांग, कोण होतं?"

"मी होतो," मी म्हणालो.

रांगेतला कोणीतरी खोकला, ते मला लॉस एंजेलिसमध्ये ऐकू आलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "रेडिओवर ऐकलं आणि मला वाटलंच. खोकी उचलणाऱ्याचे हात मी बघितलेत, तुझे तसे नव्हते. काय म्हणाला तो?"

आणि तिथे, हातात पेन्सिल घेऊन, मी पुन्हा एकदा पळायची वाट शोधली. सांगावं की त्याला काही दुखलं नाही. सांगावं की त्याने तुझी आठवण काढली, तुझ्या भाकरीची आठवण काढली. ती खूश होईल, अजून एखाददोन वर्षं त्या दारात बसेल आणि तिथेच मरेल, आणि माझ्याकडून कोणी कसला हिशेब मागणार नाही. जिभेवर आलं होतं. तोंडात साबणाची चव आली, खरंच आली, तुरट आणि खारट. मी शॅरनकडे बघितलं. तिला एक शब्द कळत नव्हता, पण तिने गॅस बंद केला होता आणि ती अगदी न हलता उभी होती.

"म्हणाला, आईला सांग, माझी वाट बघू नकोस. मेंढ्या घेऊन वर डोंगरात जा. एवढंच म्हणाला. मी मध्ये बोललो, आई. मी त्याला म्हणालो, असं बोलायचं नाही, आकडे सांग. त्याने सांगितले. मग संपलं."

नळीत मोठी खरखर झाली. गॅलपपासून इथपर्यंतच्या सगळ्या तारांवर जणू वाळू ओतली.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "पुन्हा सांग."

मी टेबलाची कड धरली. त्याने कसं केलं असेल? मी बसलेला होतो, सावलीत होतो, माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता, तरी मला श्वास पुरेना. त्याने सहा आकडे सांगितले, एकेक करून.

मी पुन्हा सांगितलं. एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने, एकही न गाळता. माझं स्वतःचंही सांगितलं. शेवटी मी रडत होतो आणि ते तिला ऐकू जात होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग नुसतं दुकान ऐकू येत राहिलं: कोणीतरी कॉफी मागत होतं, कोणीतरी म्हणत होतं ही नको ती दुसरी, दाराची स्प्रिंग ताणली आणि दार आपटलं. मी थांबलो. निरोप दिल्यावर पलीकडून पोच येईपर्यंत जागा सोडायची नसते. किती वेळ गेला कोण जाणे. मग ग्लॅडिसचा आवाज आला, धापा टाकत.

"काय सांगितलंस रे तिला? गाडीत जाऊन बसलीय. कोणाकडे बघितलं नाही, काही नाही. मला म्हणते, घरी नको, गाडी डोंगराकडे घे. मी म्हटलं, अगं अंथरूण तरी घेऊ, भांडी घेऊ. म्हणते त्या घरातलं काही नको, सुईसुद्धा नको."

"तिने त्याचं नाव घेतलं का?"

ग्लॅडिसने आठवून बघितलं. मग म्हणाली, "नाही. आता विचारलंस म्हणून... नाही घेतलं." तिने नाक ओढलं. "तुला निरोप दिलाय. म्हणाली, त्याला म्हणावं इथे ये. आणि माझ्या घराची उत्तरेची भिंत तूच फोड. चोवीस वर्षं मी मेलेल्या माणसाबरोबर त्या घरात झोपतेय, आणि हे तुला ठाऊक होतं." खरखर पुन्हा वाढली. "हॉस्की? ऐकलंस का? पुन्हा सांगू?"

कागदावर माझ्या हाताने सगळं उतरवून ठेवलं होतं, सुट्या सुट्या अक्षरांत.

"नको," मी म्हणालो. "पोचला निरोप."